धावमार्ग आणि रुग्णालय

वैद्यकाचे शिक्षण आणि शर्यतीसाठी धावणे ह्या दोन्ही गोष्टी माणसाकडे एकच वस्तू मागतात, आणि ती म्हणजे त्याच्या तारुण्याची वर्षे. एक मैल किंवा १,५०० मीटर धावणाऱ्या खेळाडूचे शरीर साधारणतः वीस ते तीस ह्या वयात ऐन भरात असते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला शरीररचना आणि शरीरक्रिया ह्यांचा अभ्यास, रुग्णालयातील उमेदवारी, परीक्षा आणि त्यानंतरची निवासी डॉक्टरची नोकरी हे सारे नेमके ह्याच वर्षांत पार पाडावे लागते. लेखक किंवा चित्रकार आपले काम दहा वर्षे पुढे ढकलू शकतो. धावपटूला ते शक्य नसते, आणि वैद्यकाचा अभ्यासक्रमही कोणासाठी थांबून राहत नाही. म्हणून ह्या दोन वाटा एकदम चालू पाहणाऱ्या तरुणापुढचा प्रश्न केवळ वेळापत्रकाचा नसतो. कोणती गोष्ट किती काळ करावयाची आणि कोठे थांबावयाचे, हे त्याला ठरवावे लागते.

हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात अत्यंत स्पष्ट रूपाने दिसतो, ते म्हणजे इंग्लंडचे रॉजर बॅनिस्टर. ६ मे १९५४ रोजी त्यांनी एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत धावून दाखविले, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. त्या दिवशी ते पंचवीस वर्षांचे होते आणि लंडनच्या एका रुग्णालयात वैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होते, ही गोष्ट मात्र बहुधा ओझरती सांगितली जाते. वास्तविक त्या विक्रमाची जडणघडण समजून घ्यावयाची तर ह्या दुसऱ्या गोष्टीपासूनच आरंभ केला पाहिजे.

आधीची उदाहरणे

बॅनिस्टर ह्या वाटेचे पहिले प्रवासी नव्हते. न्यूझीलंडहून ऑक्सफर्डला शिकावयास आलेले आर्थर पोरिट १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या शर्यतीत तिसरे आले आणि पुढे नामांकित शल्यचिकित्सक झाले. त्यांचेच देशबांधव जॅक लव्हलॉक हेही वैद्यकाचे विद्यार्थी होते. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते १९३१ मध्ये ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात आले आणि नंतर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात पुढील शिक्षण घेऊ लागले. १९३३ मध्ये त्यांनी एक मैलाचा जागतिक विक्रम केला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरची शर्यत ३ मिनिटे ४७.८ सेकंदांत जिंकून त्यांनी त्याही अंतराचा विक्रम मोडला. आपल्या शरीराच्या प्रत्येक अवस्थेची आणि प्रत्येक शर्यतीची नोंद ते वहीत बारकाईने करून ठेवीत. रुग्णाची टिपणे ठेवावीत तशीच ही टिपणे होती. बर्लिननंतर थोड्याच दिवसांत त्यांनी शर्यती सोडल्या आणि ते वैद्यकाकडे वळले. १९४० मध्ये घोड्यावरून पडून त्यांना गंभीर दुखापत झाली आणि त्यानंतर त्यांना भोवळ येण्याचा त्रास होऊ लागला. १९४९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वेखाली पडून त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणचाळीस होते.

जमेकाचे आर्थर विंट ह्यांचे उदाहरण थोडे वेगळे आहे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. युद्धानंतर त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरची शर्यत ४६.२ सेकंदांत जिंकून त्यांनी आपल्या देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे जमेकाच्या चौघांच्या संघाने ४ गुणिले ४०० मीटरची शर्यत जिंकली, त्या संघातही ते होते. दुसऱ्याच वर्षी ते डॉक्टर झाले आणि पुढे मायदेशी परतून ग्रामीण भागात त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

ह्या साऱ्यांच्या आयुष्यात एक समान धागा दिसतो. विद्यार्थिदशा संपून स्वतंत्र डॉक्टर म्हणून काम करण्याची वेळ आली, त्याच्या आगेमागेच त्यांचे शर्यतीचे धावणे थांबले. हा योगायोग नव्हता, आणि त्यामागील कारण बॅनिस्टर ह्यांच्या कथेतून उलगडत जाते.

ऑक्सफर्डमधील वर्षे

बॅनिस्टर ह्यांचा जन्म २३ मार्च १९२९ रोजी लंडनजवळच्या हॅरो येथे झाला. वडील सरकारी नोकरीत होते. युद्धकाळात हे कुटुंब बाथ ह्या गावी राहावयास गेले. तेथील शाळेत रानावनांतून, चढउतारांवरून धावण्याच्या शर्यती होत, त्यांत ह्या उंच, सडपातळ मुलाने सतत पहिला क्रमांक मिळविला. १९४५ मध्ये वडिलांसमवेत लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर त्याने एक शर्यत पाहिली. त्या शर्यतीत इंग्लंडच्या सिडनी वुडरसनने स्वीडनच्या आर्ने अँडरसनशी शर्थीची झुंज दिली होती. धावण्याविषयीची ओढ त्या दिवशी पक्की झाली. डॉक्टर व्हावयाचे हा निश्चयही त्याच सुमारास झाला होता.

१९४६ च्या शरद ऋतूत, वयाच्या सतराव्या वर्षी, बॅनिस्टर वैद्यकाच्या अभ्यासासाठी ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात दाखल झाले. ज्या कॉलेजातून लव्हलॉक धावले होते तेच हे कॉलेज. तोपर्यंत त्यांनी खिळ्यांचे बूट पायांत घातले नव्हते आणि आखीव धावमार्गावर पाऊलही ठेवले नव्हते. तरी १९४७ च्या मार्चमध्ये केंब्रिजविरुद्धच्या सामन्यात, संघातील तिसरा धावपटू म्हणून उतरूनही, त्यांनी एक मैलाची शर्यत जिंकली.

पुढील वर्षी लंडनमध्येच ऑलिंपिक सामने होते. त्यांत निवडीसाठी आपला विचार होऊ नये, आपण अद्याप लहान आहोत, असे त्यांनी कळविले. अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाने इतका मोठा मान नाकारावा ही गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटली. परंतु ह्या नकारात त्यांच्या पुढील वर्तनाची दिशा दिसते. प्रत्येक शर्यत धावलीच पाहिजे असे त्यांना कधी वाटले नाही. धावण्याला आपल्या आयुष्यात किती जागा द्यावयाची, हे ते स्वतः ठरवीत असत.

प्रयोगशाळेतील पट्टा

ऑक्सफर्डमध्ये पदवीनंतर बॅनिस्टर ह्यांनी काही काळ शरीरक्रियाविज्ञानात संशोधन केले. विषय होता श्रम करीत असता होणाऱ्या श्वसनक्रियेचा. प्रयोगशाळेत यंत्राने फिरणारा एक पट्टा होता. तो चढावासारखा तिरपा ठेवीत आणि त्यावर माणसाला तो अगदी दमेपर्यंत धावावयास लावीत. धावणाऱ्याच्या तोंडावर मुखवटा बसवून त्याला निरनिराळ्या प्रमाणात प्राणवायू मिसळलेली हवा श्वासासाठी देत. नेहमीच्या हवेत प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ असते. प्रयोगात ते ३३, ६६ आणि १०० असे वाढविण्यात आले. शेकडा ६६ प्राणवायू असलेल्या हवेवर माणूस सर्वांत अधिक वेळ टिकतो, असे आढळून आले. ह्या प्रयोगांत बॅनिस्टर संशोधक होते आणि त्या पट्ट्यावर धावणारेही होते. त्यांचे निष्कर्ष डी. जे. सी. कनिंगहॅम ह्या सहकाऱ्याबरोबर १९५४ मध्ये शरीरक्रियाविज्ञानाच्या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

शर्यतीत कोणी प्राणवायूची पिशवी घेऊन धावत नाही. मग ह्या प्रयोगांचा धावपटूला काय उपयोग, असा प्रश्न येथे उद्भवेल. त्यासाठी धावताना शरीरात काय घडते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. स्नायूंना काम करण्यासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः प्राणवायूच्या साहाय्याने मिळते. परंतु वेग वाढला की हृदय आणि फुप्फुसे जितका प्राणवायू पुरवू शकतात त्याहून अधिक प्राणवायूची गरज भासू लागते. ही तूट शरीर काही काळ प्राणवायूविना होणाऱ्या रासायनिक क्रियांतून भरून काढते. ही एक प्रकारची उसनवारी होय. तिच्यामुळे स्नायूंतील आम्लता वाढते, पाय जड होतात, श्वास पुरेनासा होतो आणि अखेरीस वेग राखणे अशक्य होते. एक मैलाच्या शर्यतीत ही उसनवारी शेवटच्या काही पावलांपर्यंत पुरवावी लागते. पहिल्याच फेरीत अवाजवी वेग घेतला तर ती अवेळी संपते, आणि वेग मध्येच कमीजास्त करणेही महागात पडते. चारही फेऱ्या शक्य तितक्या समान वेगाने धावणे हाच काटकसरीचा मार्ग, हा निष्कर्ष त्यातून निघतो.

अभ्यास आणि धावणे ह्या दोन गोष्टी एकमेकींचा वेळ खातात, हे खरे. परंतु येथे त्या एकमेकींच्या उपयोगी पडल्या. ज्या शास्त्राची परीक्षा द्यावयाची त्याच शास्त्राने धावण्याचा हिशेब शिकविला.

हेलसिंकीचा अनुभव

१९५१ च्या ऑक्टोबरात बॅनिस्टर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात आले. पॅडिंग्टन भागातील ह्या रुग्णालयातच १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना पेनिसिलिनचा शोध लागला होता. खेळात चमकलेल्या विद्यार्थ्यांना जवळ करण्याची प्रथाही ह्या विद्यालयात पूर्वीपासून होती. लॉर्ड मोरन हे तेथील अधिष्ठाते असताना त्यांनी ती रुजविली होती. तरी वॉर्डातील कामात कोणाला सूट मिळत नसे. येथून पुढे बॅनिस्टर ह्यांच्या हाती दिवसाकाठी फारच थोडा मोकळा वेळ उरला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांनी आपल्या पद्धतीने तयारी केली. शर्यती मोजक्याच, प्रशिक्षक कोणी नाही, सारा सराव एकट्याने. सामन्यांपूर्वी सुमारे दहा दिवस त्यांनी पाऊण मैलाचे अंतर २ मिनिटे ५२.९ सेकंदांत धावून पाहिले. तयारी उत्तम झाल्याची ही खूण होती. परंतु त्यानंतर आयोजकांनी १,५०० मीटरच्या शर्यतीत उपान्त्य फेरी वाढविली. प्राथमिक फेरी, एक दिवस विश्रांती आणि मग अंतिम शर्यत अशी कल्पना मनात धरून केलेली तयारी त्यामुळे कोलमडली. आता तीन दिवसांत तीन शर्यती धावावयाच्या होत्या. रोज दोन-दोन तास सराव करणाऱ्या धावपटूंना हे झेपणारे होते. अर्ध्या तासाच्या सरावावर जगणाऱ्याला ते झेपले नाही. अंतिम शर्यत लक्झेंबर्गच्या योसी बार्थेलने जिंकली आणि बॅनिस्टर चौथे आले.

इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर कडक टीका केली. ते पुरेशा शर्यती धावले नाहीत, त्यांनी प्रशिक्षक घेतला नाही, असे आक्षेप होते. ही टीका सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. वैद्यकासाठी राखून ठेवलेल्या तासांची किंमत त्यांनी हेलसिंकीत मोजली होती. पदक मिळाले असते तर त्या उन्हाळ्यातच शर्यती सोडून सारे लक्ष वैद्यकाकडे द्यावयाचे, असा त्यांचा बेत होता. आता तो निर्णय अवघड झाला. आताच सोडावे, तर आपल्या पद्धतीचा पराभव मान्य केल्यासारखे होणार होते. चालू ठेवावे, तर अभ्यासाची शेवटची, सर्वांत कठीण दोन वर्षे त्यासाठी धोक्यात घालावी लागणार होती.

काही आठवडे विचार करून त्यांनी ठरविले की डॉक्टर होईपर्यंत, म्हणजे १९५४ पर्यंत धावावयाचे, त्यानंतर नाही. ह्या निर्णयाने दोन गोष्टी साधल्या. धावण्याला शेवटची तारीख मिळाली, आणि तोवर काय साध्य करावयाचे तेही ठरले. चार मिनिटांत मैल हे ते उद्दिष्ट होते.

दुपारचा अर्धा तास

एक मैलाचा विक्रम त्या वेळी स्वीडनच्या गुंडर हेगच्या नावावर होता. १९४५ मध्ये त्याने ४ मिनिटे १.४ सेकंद ही वेळ नोंदविली होती आणि त्यानंतर आठ वर्षे ती कोणाला मोडता आली नव्हती. ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी आणि अमेरिकेचा वेस सँटी हे दोघेही चार मिनिटांच्या जवळ येऊन ठेपले होते. बॅनिस्टर ह्यांनी १९५३ च्या मे महिन्यात ४ मिनिटे ३.६ सेकंद ही वेळ नोंदवून वुडरसनचा १९४५ चा ब्रिटिश विक्रम मोडला. आता उरलेले चार सेकंद दिवसाकाठी अर्ध्या तासात कसे मिळवावयाचे, हा प्रश्न होता.

रुग्णालयाच्या दुपारच्या सुटीत ते जवळच्या पॅडिंग्टन मैदानावर जात. तेथे पाव मैलाचे, म्हणजे ४४० यार्डांचे अंतर दहा वेळा जलद धावत आणि प्रत्येक दोन धावांमध्ये दोन मिनिटे विश्रांती घेत. ह्याचा हिशेब सोपा आहे. एक धाव सुमारे एक मिनिटाची धरली, तर धावण्यासाठी दहा मिनिटे आणि मधल्या नऊ विश्रांतींसाठी अठरा मिनिटे, अशी एकूण अठ्ठावीस मिनिटे लागतात. तेवढ्यात अडीच मैल अंतर प्रत्यक्ष शर्यतीच्या वेगाने धावून होते. सलग अडीच मैल त्या वेगाने धावणे त्या काळी कोणालाही शक्य नव्हते. विश्रांतीमुळे मात्र शरीराला त्या वेगाची सवय होते. ती विश्रांती पुरती नसल्याने थकव्याशी झगडण्याची सवयही लागते. ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे, त्याच्यासाठी ह्याहून सोयीची पद्धत शोधून सापडली नसती.

ह्याच सुमारास त्यांनी आपला एकाकीपणा थोडा सोडला. ऑस्ट्रियाहून इंग्लंडला आलेले प्रशिक्षक फ्रांझ स्टाम्फ्ल ह्यांचा सल्ला ते घेऊ लागले आणि ख्रिस ब्रॅशर व ख्रिस चॅटअवे ह्या मित्रांबरोबर धावू लागले. १९५३ च्या डिसेंबरात प्रत्येक पाव मैल ६६ सेकंदांत होत असे. एप्रिलपर्यंत ती वेळ ६१ सेकंदांवर आली आणि तेथेच अडकली. कितीही जोर केला तरी ६० ची मर्यादा ओलांडता येईना. तेव्हा ब्रॅशरसमवेत ते स्कॉटलंडच्या डोंगरांत गेले, काही दिवस कडे चढले आणि धावण्याचे नावही काढले नाही. परतल्यावर पाव मैल ५९ सेकंदांत होऊ लागला. सतत ताणलेल्या शरीराला विसाव्याची गरज असते, हा धडा डॉक्टरला परका नव्हता. पण स्वतःच्या बाबतीत तो पाळणे त्यालाही जड जाते.

६ मे १९५४

तो गुरुवार होता. आदल्याच दिवशी रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर घसरून बॅनिस्टर ह्यांचा पाय दुखावला होता. सकाळी ते नेहमीप्रमाणे रुग्णालयात गेले. तेथील प्रयोगशाळेतील धार लावण्याच्या चाकावर त्यांनी आपल्या बुटांचे खिळे घासून अणकुचीदार केले आणि ओली राख त्यांना चिकटू नये म्हणून त्यांवर ग्रॅफाइट चोळले. त्या काळचे धावमार्ग जळक्या कोळशाची भरड पसरून केलेले असत. मग पॅडिंग्टन स्थानकावरून त्यांनी ऑक्सफर्डची गाडी धरली.

इफ्ली रोडवरील धावमार्ग त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. विद्यार्थी असताना, विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष ह्या नात्याने, जुना खडबडीत धावमार्ग काढून तेथे नवा करविण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. त्या दिवशी दुपारभर सोसाट्याचा वारा होता. अशा वाऱ्यात प्रत्येक फेरीत सुमारे एक सेकंद वाया जातो. प्रयत्न करावा की पुढे ढकलावा हे शेवटपर्यंत ठरत नव्हते. परंतु पुढे ढकलण्यास फारसे दिवसही उरले नव्हते. परीक्षा जवळ येत होती आणि लँडी युरोपात दाखल झाला होता. शर्यतीच्या थोडे आधी जवळच्या चर्चवरील निशाण किंचित खाली लवलेले त्यांना दिसले आणि त्यांनी होकार दिला.

सहाच्या सुमारास शर्यत सुरू झाली. पहिल्या दोन फेऱ्या ब्रॅशर पुढे राहिले, त्यानंतर चॅटअवे ह्यांनी आघाडी सांभाळली. पहिली फेरी ५७.५ सेकंदांत झाली आणि तीन फेऱ्यांअखेर घड्याळात तीन मिनिटांवर अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ झाला होता. शेवटची फेरी ५९ सेकंदांच्या आत धावणे भाग होते. अंतिम रेषेपासून सुमारे तीनशे यार्डांवर बॅनिस्टर पुढे झाले आणि रेषा ओलांडताच जवळजवळ शुद्ध हरपून इतरांच्या हातांत कोसळले. वेळ होती ३ मिनिटे ५९.४ सेकंद. मानवी शरीराला हे शक्य नाही अशी जी समजूत रूढ होऊ लागली होती, ती त्या सायंकाळी संपली. लँडीने २१ जून रोजी फिनलंडमधील तुर्कू येथे ३ मिनिटे ५८ सेकंदांत मैल धावून तो विक्रम मोडला. विक्रम अवघे सेहेचाळीस दिवस टिकला.

थांबण्याचा निर्णय

७ ऑगस्ट रोजी कॅनडातील व्हँकूव्हर येथे बॅनिस्टर आणि लँडी समोरासमोर आले. लँडी आरंभापासून पुढे होता. शेवटच्या वळणावर त्याने डावीकडे मागे वळून पाहिले आणि त्याच क्षणी बॅनिस्टर उजव्या बाजूने पुढे निघाले. दोघांनीही चार मिनिटांच्या आत शर्यत पूर्ण केली. बॅनिस्टर ३ मिनिटे ५८.८ सेकंद, लँडी ३ मिनिटे ५९.६ सेकंद. महिन्याअखेर बर्न येथे युरोपीय स्पर्धेतील १,५०० मीटरची शर्यतही बॅनिस्टर ह्यांनी जिंकली. त्याच उन्हाळ्यात ते वैद्यकाची अखेरची परीक्षा उत्तीर्ण झाले. वर्ष संपण्यापूर्वी, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांनी शर्यतींतून निवृत्ती जाहीर केली. पुढचे ऑलिंपिक अवघ्या दोन वर्षांवर, लँडीच्याच देशात, मेलबर्नला होणार होते. तेथे हेलसिंकीची भरपाई करता आली असती. तो मोह त्यांनी टाळला.

ह्याचे कारण विद्यार्थी आणि डॉक्टर ह्यांच्या अवस्थांतील फरकात आहे. विद्यार्थी दुपारी अर्धा तास मैदानावर गेला तर नुकसान झाले तरी ते त्याचे स्वतःचे होते. तो रात्री जागून ते भरून काढू शकतो. नव्या डॉक्टरचा अर्धा तास त्याचा राहत नाही, तो रुग्णाचा होतो. ब्रिटनमध्ये १९५३ पासून प्रत्येक नव्या डॉक्टरला पूर्ण नोंदणीपूर्वी एक वर्ष रुग्णालयात निवासी म्हणून काम करणे सक्तीचे झाले होते. दिवस असो वा रात्र, बोलावणे आले की वॉर्डात हजर व्हावे लागे. ज्या वेळी मैदानावर नवव्या धावेची तयारी चालली असेल त्या वेळी खाटेवरचा रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. असे दोन धनी एकाच वेळी राखता येत नाहीत. बॅनिस्टर ह्यांनी हे आधीच ओळखले होते, म्हणून त्यांनी धावण्याची मर्यादा नेमकी ह्या उंबरठ्यावर आखली होती.

नंतरची चाळीस वर्षे

पुढे १९५७ ते १९५९ ह्या काळात सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असताना त्यांना एडनला पाठविण्यात आले. तेथील प्रखर उन्हाळ्यात सैनिक का आजारी पडतात, ह्याचा त्यांनी अभ्यास केला. १९६३ मध्ये ते मेंदू व मज्जासंस्था ह्यांच्या रोगांचे तज्ज्ञ म्हणून लंडनमध्ये काम करू लागले. स्वायत्त मज्जासंस्था हा त्यांच्या संशोधनाचा विशेष विषय होता. हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, पचन अशा गोष्टी आपल्या इच्छेवाचून चालविणारी ही यंत्रणा होय. माणूस झोपेतून उठून उभा राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरू पाहते. ही यंत्रणा तत्काळ रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि हृदयाचा वेग वाढविते, म्हणून त्याला भोवळ येत नाही. काही रोगांत ही यंत्रणाच निकामी होते. मग रुग्ण उभा राहताच रक्तदाब एकदम उतरतो आणि तो खाली पडतो. अशा रुग्णांना कलत्या मेजावर निजवून, ते हळूहळू उभे करीत रक्तदाबाची नोंद घेणे, आणि दोष नेमका कोठे आहे ते शोधणे, ह्या कामात बॅनिस्टर ह्यांनी मोठी भर घातली. त्या विषयावरील त्यांचा संपादित ग्रंथ प्रमाणभूत मानला गेला. धावणाऱ्याचे हृदय आणि श्वास ह्यांकडे बघण्याची जी दृष्टी ऑक्सफर्डच्या पट्ट्यावर लाभली, तीच येथे दुर्बल रुग्णाच्या कामी आली.

१९७१ ते १९७४ ह्या काळात ते ब्रिटनच्या क्रीडा परिषदेचे अध्यक्ष होते. खेळाडू स्नायू वाढविण्यासाठी घेत असलेली स्टेरॉइडे ओळखण्याची चाचणी विकसित व्हावी ह्यासाठी त्यांनी ह्या काळात प्रोत्साहन दिले. १९७५ मध्ये मोटार अपघातात घोटा जायबंदी झाल्याने त्यांचे नेहमीचे धावणेही संपले. १९८५ ते १९९३ पर्यंत ते ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजचे प्रमुख होते. आयुष्याच्या अखेरीस त्यांना कंपवाताने गाठले. ज्या इंद्रियसमूहाच्या रोगांवर त्यांनी आयुष्यभर उपचार केले, त्याचाच हा रोग होता. ३ मार्च २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. चार मिनिटांच्या मैलापेक्षा वैद्यकातील आपले काम अधिक मोलाचे आहे, असे ते विचारणाऱ्यांना नेहमी सांगत असत.

ह्या उदाहरणाची मर्यादा

ह्या कथेवरून कोणीही अर्धा तास धावून विक्रम करू शकतो असा अर्थ काढणे चुकीचे होईल. मैलाची शर्यत चार मिनिटांची असल्यामुळे थोड्या, पण तीव्र सरावावर ती साधली. मॅरेथॉनसारख्या शर्यतीला असा सराव पुरला नसता. त्या काळी खेळाडूला धावण्याचे पैसे घेण्यास मनाई होती. त्यामुळे धावणे हे उपजीविकेचे साधन होऊच शकत नव्हते आणि बहुतेक धावपटूंना दुसरा व्यवसाय पाहावाच लागे. १९८० नंतर हे नियम सैल झाले आणि दिवसातून दोनदा सराव करणारे व्यावसायिक धावपटू पुढे आले. मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूझने १९९९ मध्ये रोम येथे एक मैल ३ मिनिटे ४३.१३ सेकंदांत पूर्ण केला. त्या पातळीवर दुपारच्या सुटीतील सरावाने पोहोचता येणार नाही. शिवाय बॅनिस्टर ह्यांच्या पाठीशी मैदान जवळ असलेले रुग्णालय होते, खेळाला मान देणारे विद्यालय होते आणि त्यांच्यासाठी स्वतःची शर्यत सोडून देणारे दोन मित्र होते. हे सर्वांच्या वाट्याला येत नाही.

तरीही ह्या कथेतून एक गोष्ट निश्चित शिकण्यासारखी आहे. दोन महत्त्वाकांक्षांचा तोल राखणे म्हणजे दोहोंना सारखे तास वाटून देणे, असे आपण समजतो. बॅनिस्टर ह्यांनी तसे केले नाही. त्यांनी वैद्यकाला संपूर्ण आयुष्य दिले आणि धावण्याला आठ वर्षे, त्यांतही दिवसाकाठी अर्धा तास. हेलसिंकीत त्याची किंमत मोजावी लागली तेव्हा ती त्यांनी निमूटपणे मोजली. परंतु तो अर्धा तास आणि ती आठ वर्षे त्यांनी दुसऱ्या कशालाही दिली नाहीत.